राष्ट्रपतींचं आणि राज्यपालांचं अभिभाषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी संपत आला की आमच्या सांगलीतल्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिभाषणाबद्दलचे प्रश्न सुरू होतात, ते राज्याचं अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत चालतात. निम्मे प्रश्न एमपीएससीच्या राज्यसेवा आणि कम्बाईन (संयुक्त) परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे असतात. बाकीचे प्रश्न त्यांच्या आईवडिलांचे, सोसायटीत बसणाऱ्या मंडळींचे, कऱ्हाड-पाटणकडच्या शिक्षकांचे. तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अभिभाषण म्हणजे काय? राष्ट्रपती वर्षभर भाषणं करतातच की, मग हे वेगळं कसं?

२५ जानेवारीच्या संध्याकाळी टीव्हीवर लागतं तो राष्ट्रपतींचा देशवासीयांना उद्देशून दिलेला संदेश. राज्यघटना तो द्या असं कुठे सांगत नाही. अभिभाषण घटनेनेच सांगितलेलं आहे. अनुच्छेद ८७ नुसार राष्ट्रपतींनी लोकसभा आणि राज्यसभा एकत्र जमलेल्या असताना त्यांच्यापुढे बोलायचं आणि संसदेला कशासाठी बोलावलं आहे ते सांगायचं. सरकारने गेल्या वर्षात काय केलं, पुढे काय करणार, कोणती विधेयकं आणण्याचा विचार आहे, हे त्यात येतं. राज्यात हेच काम राज्यपाल अनुच्छेद १७६ प्रमाणे करतात.

२. हे दरवर्षी एकदाच होतं ना? मग २०२४ मध्ये दोनदा कसं झालं?

अभिभाषणाचे प्रसंग दोन आहेत. लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन हा एक, आणि दरवर्षीचं पहिलं अधिवेशन हा दुसरा. २०२४ मध्ये ३१ जानेवारीला वर्षाचं पहिलं अधिवेशन सुरू झालं तेव्हा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अभिभाषण केलं. पुढे निवडणूक झाली, अठरावी लोकसभा आली. २४ आणि २५ जूनला सदस्यांच्या शपथा झाल्या, २६ तारखेला अध्यक्षांची निवड झाली आणि २७ जूनला दुसरं अभिभाषण झालं. हा क्रम लक्षात ठेवा: नव्या लोकसभेत आधी शपथ, मग अध्यक्ष, त्यानंतर अभिभाषण.

परीक्षेला हमखास फसवणारी एक गोष्ट इथेच सांगतो. मूळ घटनेत प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला अभिभाषण असावं असं होतं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर वर्णन केलेल्या दोन प्रसंगांपुरतं झालं. पहिली घटनादुरुस्ती म्हटलं की मुलांना नववी अनुसूची आठवते, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचे निर्बंध आठवतात. ही दुरुस्ती कुणालाच आठवत नाही, आणि प्रश्न नेमका हिच्यावर येतो.

नवीन वर्ष उजाडलं, संसद भरली, तरी अभिभाषण झालं नाही, असंही घडलेलं आहे. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

३. हे भाषण लिहितं कोण?

सरकार. सगळ्या मंत्रालयांकडून मजकूर मागवला जातो, त्यातून मसुदा तयार होतो आणि मंत्रिमंडळ त्याला मंजुरी देतं. राष्ट्रपती तो वाचतात. अनुच्छेद ७४ प्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं असतं आणि अभिभाषणही त्या सल्ल्यातच येतं. म्हणून त्यात 'माझं सरकार' असे शब्द असतात.

याचा सगळ्यात स्पष्ट दाखला प्रणव मुखर्जींचा आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी मनमोहन सिंग सरकारचं अभिभाषण वाचलं आणि ९ जून २०१४ ला नरेंद्र मोदी सरकारचं. व्यक्ती तीच, पद तेच, पण भाषणातलं सरकार, त्याचे दावे आणि त्याची वचनं पूर्ण बदललेली. मुखर्जींचं स्वतःचं जवळपास सगळं राजकीय आयुष्य काँग्रेसमध्ये गेलेलं होतं, आणि तरी काँग्रेसला हरवून आलेल्या सरकारचा कार्यक्रम त्यांनी संसदेपुढे मांडला. यात विसंगती काही नाही. आपली संसदीय पद्धत चालते ती याच शिस्तीवर.

आम्ही हा मुद्दा इतका धरून बसतो त्याला कारण आहे. "राष्ट्रपती असं म्हणाल्या" असं वाचलं की माणूस ते आदराने ऐकतो आणि विसरतो. तेच "सरकारने संसदेला असं लेखी सांगितलं" असं वाचलं की पुढच्या वर्षी हिशेब मागावासा वाटतो. ते भाषण सरकारचं आहे. तसंच वाचा.

४. मग राष्ट्रपतींचा खासदारांनी अपमान केला, असं अभिभाषणावरच्या चर्चेनंतर दरवर्षी कसं म्हटलं जातं?

चर्चेत राष्ट्रपतींच्या व्यक्तीवर किंवा वागण्यावर बोलता येत नाही. लोकसभेच्या नियमांनुसार चर्चेत राष्ट्रपतींचं नाव ओढायचं नसतं. अभिभाषणातल्या मजकुरावर मात्र हवी तेवढी कडक टीका करता येते, कारण तो मजकूर सरकारचा (प्रश्न ३). विरोधी सदस्य म्हणाला की अभिभाषणात बेरोजगारीबद्दल काहीच नाही, तर ती टीका मंत्रिमंडळावर असते. राष्ट्रपतींना त्यात कमीपणा नाही.

५. अमेरिकेचे अध्यक्ष संसदेत जाऊन भाषण करतात, तसंच आहे का हे?

दिसायला तसं, आतून वेगळं. अमेरिकेचे अध्यक्ष स्वतःच सरकारचे प्रमुख आहेत, ते स्वतःचा कार्यक्रम स्वतः मांडतात आणि तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, त्यावर आभार प्रस्ताव (प्रश्न ९) वगैरे काही नसतो. आपली पद्धत ब्रिटनच्या जवळची. तिथे राजा पार्लमेंटमध्ये सरकारने लिहून दिलेलं भाषण वाचतो.

६. अभिभाषण, आर्थिक पाहणी आणि बजेट यांत गोंधळ होतो. कोण काय मांडतं?

अभिभाषण राष्ट्रपती करतात. आर्थिक पाहणी अहवाल आणि अर्थसंकल्प अर्थमंत्री मांडतात. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जात असल्यामुळे हे सगळं दोन-तीन दिवसांत येऊन पडतं. २०२५ मध्ये अभिभाषण आणि आर्थिक पाहणी ३१ जानेवारीला आली आणि दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प. पैशाची तरतूद फक्त अर्थसंकल्पात असते. अभिभाषणात एखाद्या योजनेचं नाव आलं म्हणून तिला पैसे मिळाले असं होत नाही.

७. दोन्ही सभागृहं एकत्र बसतात म्हणजे ही 'संयुक्त बैठक' झाली ना?

नाही. अनुच्छेद १०८ ची संयुक्त बैठक एखाद्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जमेना तर होते. तिथे लोकसभेचे अध्यक्ष पीठासीन असतात आणि मतदान होतं. अशा बैठका १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये झाल्या: हुंडा प्रतिबंध, बँकिंग सेवा आयोग रद्द करणं आणि पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. अभिभाषणाच्या वेळी सभागृहं फक्त ऐकायला एकत्र जमतात. तिथे चर्चा नाही, प्रश्न नाही, मतदान नाही.

जागेबद्दलही विचारणा होते. जुन्या संसद भवनात मध्यवर्ती सभागृहात हा कार्यक्रम होत असे. नव्या इमारतीत तसं वेगळं मध्यवर्ती सभागृह नाही, म्हणून ३१ जानेवारी २०२४ पासून तो लोकसभेच्या दालनात होतो. दोन्हीकडचे सदस्य मावतील अशीच त्या दालनाची आसनव्यवस्था केलेली आहे.

८. भाषण कुठल्या भाषेत होतं? मराठीत मिळेल का?

राष्ट्रपती हिंदीत किंवा इंग्रजीत वाचतात. दुसऱ्या भाषेतल्या प्रतीचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग उपराष्ट्रपती वाचतात, अशी प्रथा आहे. पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर केंद्र सरकारची पत्रकं मराठीतही निघतात, अभिभाषणाचा मजकूर तिथे शोधा. वर्तमानपत्रात येतात त्या चार ठळक ओळी. मुलांना आमचा आग्रह पूर्ण मजकुराचा असतो, कारण काय गाळलं आहे ते पूर्ण मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आभार प्रस्तावावरच्या दुरुस्त्यांचा सगळा खेळ गाळलेल्या गोष्टींवरच चालतो (प्रश्न १०).

९. आभार प्रस्ताव म्हणजे काय? नुसते आभार मानायला तीन-तीन दिवस कशाला लागतात?

अभिभाषणानंतर दोन्ही सभागृहं आपापल्या दालनात बसतात आणि भाषणाची प्रत पटलावर ठेवली जाते. मग सत्ताधारी बाजूचा एक सदस्य, राष्ट्रपतींनी अभिभाषण केल्याबद्दल सभागृह कृतज्ञ आहे, असा प्रस्ताव मांडतो आणि दुसरा त्याला अनुमोदन देतो. शब्दांपुरतं पाहिलं तर एवढंच. पण या प्रस्तावावरच्या चर्चेत सरकारच्या जवळपास सगळ्या कारभारावर बोलता येतं, इतकी मोकळी चर्चा वर्षात फार थोड्या वेळा मिळते. पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वेळ वाटून दिला जातो. शेवटी पंतप्रधान उत्तर देतात. सदस्यांनी दिलेल्या दुरुस्त्या निकाली निघतात आणि प्रस्ताव मताला टाकला जातो.

पंतप्रधानांच्या उत्तराची परंपरा मोडल्याचंही उदाहरण आहे. जून २००४ मध्ये गोंधळामुळे पंतप्रधान मनमोहन सिंग यांना लोकसभेत उत्तर देता आलं नव्हतं.

१०. दुरुस्ती म्हणजे काय करतात? भाषण तर होऊन गेलेलं असतं.

दुरुस्ती भाषणाला नसते, आभाराच्या प्रस्तावाला असते. तिचा साचा ठरलेला आहे. कृतज्ञता व्यक्त करणाऱ्या वाक्यापुढे सदस्य जोडतो: "परंतु अभिभाषणात अमुक विषयाचा उल्लेख नाही याचा खेद वाटतो." झालं. एका वाक्यात सरकारने काय टाळलं ते संसदेच्या नोंदीत जातं. बहुतेक दुरुस्त्या शेवटी एकगठ्ठा फेटाळल्या जातात किंवा सदस्य त्या मागे घेतात. तरीही त्या वाया जात नाहीत. कुठल्या खासदाराने कुठला विषय लावून धरला, हे कागदावर राहतं आणि कुणालाही वाचता येतं.

११. मग आमचा ऊस, बेदाणा, कृष्णेचा पूर हे विषय आमच्या खासदाराने दुरुस्तीत घातले पाहिजेत, नाही का?

घालता येतात, पण विषय निवडताना एक नियम पाळावा लागतो. ज्या गोष्टीची थेट जबाबदारी केंद्र सरकारची नाही ती या चर्चेत काढता येत नाही. म्हणून मागणी घेऊन जाण्याआधी ती कुणाच्या दारात न्यायची हे ठरवा.

उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. साखर निर्यातीची परवानगी केंद्राची. बेदाण्यावरची आयात आणि त्यावरचं शुल्कही केंद्राच्याच हातात, म्हणून तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्ष बागायतदाराचं गाऱ्हाणं थेट दुरुस्तीत बसतं. हळदीचंही तसंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हळद मंडळ अधिसूचित केलं आणि त्याचं मुख्यालय निजामाबादला झालं. या मंडळाकडून सांगलीला काय मिळणार, हा प्रश्न लोकसभेतच विचारायचा आहे. सातारा-कऱ्हाडमधून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि पुणे-मिरज रेल्वेमार्ग हेही केंद्राचेच विषय.

याउलट टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन कधी सुटणार, पंचनामे कधी होणार, नुकसानभरपाई कधी पडणार, हे राज्याचे विषय. त्यांची जागा राज्यपालांच्या अभिभाषणावरच्या चर्चेत (प्रश्न १३). कृष्णेचा पूर मात्र दोन्हीकडे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली, पलूस, शिरोळ पाण्याखाली होतं तेव्हा अलमट्टीतून किती विसर्ग चालला आहे, ही चिंता प्रत्येक घरात होती. धरण कर्नाटकात, पाणी आंतरराज्यीय. हा विषय एका राज्याने सुटणारा नाही. खासदार आणि आमदार दोघांनीही तो मांडावा.

खासदार कोण, यावरही घोळ होतो. सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी हातकणंगल्यात आहेत. सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माण माढ्यात आहेत. आपलं निवेदन त्याप्रमाणे द्या. अभिभाषण होण्याच्या आधी दिलं तर उत्तम, कारण नंतर दुरुस्तीसाठी हातात फार थोडे दिवस असतात.

१२. आभार प्रस्ताव पडला तर सरकार पडतं का? आणि खासदारांनी बहिष्कार टाकला तर?

लोकसभेत हा प्रस्ताव नामंजूर झाला, किंवा सरकारच्या मनाविरुद्ध दुरुस्ती होऊन मंजूर झाला, तर सरकारने बहुमत गमावल्याचं ते लक्षण मानलं जातं. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, म्हणून. राज्यसभेत तसं झालं तर सरकारची नाचक्की होते, सरकार पडत नाही. राज्यसभेने १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६ मध्ये दुरुस्तीसह प्रस्ताव मंजूर केलेला आहे. २०१५ ची दुरुस्ती काळा पैसा आणि भ्रष्टाचाराबद्दल सीताराम येचुरी यांनी मांडली होती. २०१६ ची गुलाम नबी आझाद यांची होती. राजस्थान आणि हरियाणाने पंचायत निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली होती आणि त्यामुळे अनेकांचा उभं राहण्याचा हक्क जात होता, हा तिचा विषय. गावगाड्यातली ही गोष्ट थेट राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरच्या प्रस्तावात जाऊन बसली. दुरुस्ती हे हत्यार किती लांब पोहोचू शकतं ते यावरून दिसतं.

अभिभाषणाला सदस्याने हजर राहिलंच पाहिजे असं बंधन नाही. २९ जानेवारी २०२१ ला कृषी कायद्यांच्या निषेधार्थ अनेक विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला होता. समोर बसून अडथळा आणणं वेगळं. १९६३ मध्ये राष्ट्रपती बोलत असताना गोंधळ घालणाऱ्या काही लोकसभा सदस्यांची समितीमार्फत चौकशी झाली आणि सभागृहाने त्यांना समज दिली.

१३. राज्यपालांचं अभिभाषण वेगळं असतं का? आपल्याकडे ते कुठे होतं?

ढाचा तोच. विधानसभेच्या निवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन आणि दरवर्षीचं पहिलं अधिवेशन, मजकूर राज्य मंत्रिमंडळाचा, नंतर आभार प्रस्ताव आणि मुख्यमंत्र्यांचं उत्तर. आपल्याकडे विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहं असल्यामुळे दोन्ही एकत्र जमतात, मुंबईच्या विधान भवनातल्या मध्यवर्ती सभागृहात. जिथे विधान परिषद नाही तिथे राज्यपाल फक्त विधानसभेपुढे बोलतात. आपल्या भागातल्या दोन माणसांनी राज्यपालपद सांभाळलं ती राज्यं अशीच एका सभागृहाची: वसंतदादा पाटील १९८५ ते १९८७ राजस्थानात आणि साताऱ्याचे श्रीनिवास पाटील २०१३ ते २०१८ सिक्कीममध्ये. श्रीनिवास पाटील पुढे २०१९ च्या पोटनिवडणुकीत साताऱ्याचे खासदार झाले. राज्यपाल म्हणून सरकारचं अभिभाषण वाचलेला माणूस खासदार म्हणून अभिभाषण ऐकायला समोर बसला, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

विधान परिषदेचा उपयोग आपल्याकडचे लोक फारसा करत नाहीत. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या मतदारसंघांत सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे येतात. पदवीधर मतदाराने आपल्या विधान परिषद सदस्याकडेही अभिभाषणावरचा मुद्दा द्यायला हरकत नाही.

भाषेवरून इथे एक गंभीर प्रसंग घडलेला आहे. २६ फेब्रुवारी २०१८ ला राज्यपाल विद्यासागर राव यांनी इंग्रजीत अभिभाषण सुरू केलं आणि सदस्यांच्या कानात मराठी अनुवाद आलाच नाही. मंत्री विनोद तावडे अनुवादकाच्या कक्षात जाऊन स्वतः मराठी मजकूर वाचू लागले. दुसऱ्याच दिवशी मराठी भाषा गौरव दिन होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहाची माफी मागितली. महाराष्ट्राच्या विधिमंडळात मराठी ऐकू येणं ही सोयीची बाब नाही, सदस्यांचा आणि त्यांच्यामार्फत आपला तो हक्क आहे, असं आमचं ठाम मत आहे.

१४. राज्यपालांना पटलं नाही तर ते परिच्छेद गाळू शकतात का? अर्धंच भाषण झालं तर अधिवेशन बेकायदा ठरतं का?

घटनेच्या दृष्टीने मजकूर मंत्रिमंडळाचा आहे, राज्यपालांनी तो वाचावा ही अपेक्षा. प्रत्यक्षात बरंच घडलं आहे. १९६९ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल धर्मवीर यांनी आधीचं संयुक्त आघाडी सरकार बडतर्फ केल्याबद्दलचे दोन परिच्छेद वाचले नाहीत. केरळमध्ये २०२० साली आरिफ मोहम्मद खान यांनी नागरिकत्व कायद्याविरुद्धचा परिच्छेद आपलं मत वेगळं असल्याचं सांगून वाचला. २०२४ च्या जानेवारीत मात्र त्यांनी फक्त शेवटचा परिच्छेद वाचून भाषण संपवलं. तमिळनाडूत आर. एन. रवी यांनी २०२३ मध्ये काही भाग गाळला आणि २०२५ मध्ये न वाचताच सभागृह सोडलं. आपल्याकडे ३ मार्च २०२२ ला घोषणाबाजी सुरू झाल्यावर भगतसिंह कोश्यारी काही मिनिटांतच भाषण पूर्ण न करता निघून गेले.

या सगळ्यांत खान यांची २०२० ची रीत आम्हाला त्यातल्या त्यात नीट वाटते. मतभेद नोंदवला, पण निवडून आलेल्या सरकारचा मजकूर सभागृहापर्यंत पोहोचू दिला.

अधिवेशन मात्र त्यामुळे बेकायदा ठरत नाही. गोंधळामुळे पूर्ण न वाचता पटलावर ठेवलेल्या अभिभाषणाचा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयापुढे १९६६ मध्ये आला तेव्हा न्यायालयाने ती कार्यपद्धतीतली अनियमितता मानली, पुढचं कामकाज रद्द केलं नाही.

१५. वर्षाचं पहिलं अधिवेशन सुरू झालं आणि अभिभाषणच झालं नाही, असं कसं चालतं? हे घटनाबाह्य नाही का?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

संसदेचं एखादं अधिवेशन दोन पद्धतींनी थांबतं. एक म्हणजे तहकुबी. सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब झालं तरी अधिवेशन संपत नाही, अध्यक्ष ते पुन्हा भरवू शकतात. दुसरी म्हणजे सत्रसमाप्ती. ती राष्ट्रपती करतात आणि तेव्हा अधिवेशन खऱ्या अर्थाने संपतं. त्यानंतर संसद भरवायची तर राष्ट्रपतींनी नव्याने बोलवावं लागतं आणि तेव्हाच 'नवं अधिवेशन' सुरू होतं.

२ डिसेंबर २००३ ला हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि २३ डिसेंबरला लोकसभा अनिश्चित काळासाठी तहकूब झाली. सत्रसमाप्ती झाली नाही. २९ जानेवारी २००४ ला लोकसभा पुन्हा भरली, राष्ट्रपतींचं अभिभाषण न होताच. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आगळगावचे रामदास आठवले तेव्हा पंढरपूरचे खासदार होते. त्यांचं म्हणणं असं की नवीन वर्षातली ही पहिली बैठक आहे, म्हणजे हे वर्षाचं पहिलं अधिवेशन, म्हणून अनुच्छेद ८७ प्रमाणे अभिभाषण झालंच पाहिजे होतं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

घटनापीठाने २९ मार्च २०१० ला निकाल दिला. २९ जानेवारीला जे सुरू झालं ते नवं अधिवेशन नव्हे, डिसेंबरमधल्याच अधिवेशनाचा तो दुसरा भाग होता, म्हणून अभिभाषणाची गरज नव्हती, असं न्यायालयाने म्हटलं. शिवाय अनुच्छेद १२२ प्रमाणे संसदेच्या कार्यपद्धतीतल्या अनियमिततेची चौकशी न्यायालयात होत नाही. आठवले हरले. पण 'अधिवेशन' कधी सुरू होतं आणि कधी संपतं, हे त्या निकालामुळे साफ झालं आणि आज एमपीएससीच्या मुलांना ते त्यांच्या नावाच्या खटल्यानेच शिकावं लागतं.

हाच मार्ग पुढेही वापरला गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये संसद भरली ती आधीच्या हिवाळी अधिवेशनाचा पुढचा भाग म्हणून, त्यामुळे अभिभाषण थेट निवडणुकीनंतर जूनमध्ये झालं. तेलंगणात मार्च २०२२ मध्ये सत्रसमाप्ती झालेली नाही, असं सांगून अर्थसंकल्पी अधिवेशन राज्यपालांच्या अभिभाषणाशिवाय सुरू केलं गेलं. न्यायालयाच्या कसोटीवर हे टिकतं. तरीही सरकारने ही पळवाट सहज वापरू नये असं आम्हाला वाटतं, कारण अभिभाषण नाही म्हणजे आभार प्रस्तावही नाही, आणि मग प्रश्न ९ मध्ये सांगितलेली ती मोकळी चर्चाही नाही.

१६. राष्ट्रपतिपद रिकामं असेल तर अभिभाषण कोण करतं?

राष्ट्रपती म्हणून काम पाहणारे उपराष्ट्रपती. फेब्रुवारी १९७७ मध्ये फखरुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं आणि बी. डी. जत्ती कार्यवाहक राष्ट्रपती झाले. मार्चमध्ये जनता पक्षाचं सरकार आलं आणि नव्या लोकसभेपुढचं अभिभाषण जत्तींनी केलं. हे जत्ती जमखंडीकडचे, म्हणजे सांगली-मिरजेसारख्याच पटवर्धनांच्या संस्थानातले. आणि त्या लोकसभेत विरोधी पक्षनेते होते साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण.

१७. अनुच्छेद ८६ मध्येही राष्ट्रपतींच्या भाषणाचा उल्लेख आहे. तो ८७ पेक्षा वेगळा कसा?

८६ हा अधिकार आहे, ८७ हे बंधन. ८६ प्रमाणे राष्ट्रपती एका किंवा दोन्ही सभागृहांपुढे केव्हाही बोलू शकतात, संदेश पाठवू शकतात. राज्यात हीच जोडी १७५ आणि १७६ अशी आहे.

१८. अभिभाषणात सांगितलेली गोष्ट सरकारने केली नाही तर कोर्टात जाता येतं का?

नाही. अभिभाषण कायदा नाही, त्यातल्या वाक्यावर दावा लावता येत नाही. पण एक रस्ता आहे. मंत्री सभागृहात उत्तर देताना "करू", "विचार करू", "माहिती घेऊन सांगू" असं जे बोलतात त्याचा पाठपुरावा करायला संसदेत सरकारी आश्वासन समिती असते आणि महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणून खासदाराला किंवा आमदाराला सांगताना नुसतं "अभिभाषणातल्या अमुक मुद्द्यावर बोला" असं सांगू नका. तो मुद्दा प्रश्न म्हणून विचारायला लावा, म्हणजे मंत्र्याचं उत्तर येईल. उत्तरात आश्वासन असेल तर ते समितीकडे जातं आणि खात्याला ठरावीक मुदतीत काय केलं ते कळवावं लागतं. निवेदनासोबत अभिभाषणातल्या त्या परिच्छेदाची प्रत जोडा, परिच्छेदाला क्रमांक असेल तर तो लिहा आणि निवेदन दिल्याची पोच घ्या.